सातबारा, आधार आणि शेतकऱ्याची खासगी माहिती

सातबाऱ्याच्या एका पानावर शेतकरी कुटुंबाची बरीचशी हकिकत मावते. गाव नमुना सातमध्ये गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी, भोगवटादारांची नावे आणि प्रत्येकाच्या वाट्याचे क्षेत्र असते. नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे असली, तर तो वारस अज्ञान आहे आणि त्याचा पालनकर्ता कोण, हे कळते. ‘ए.कु.मॅ.’ असे असले, तर जमीन एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या नावे लागली आहे, असे समजायचे. इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा आणि कोर्टाची मनाई येते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अनेक सातबाऱ्यांवर पुनर्वसनासाठी संपादनाचा शेराही दिसतो. ही गावे धरणांच्या लाभक्षेत्रात आली आणि धरणग्रस्तांसाठी इथली जमीन राखून ठेवली गेली, हे त्याचे कारण. नमुना बारामध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर होते, हे लिहिलेले असते. घरात वाटण्या कधी झाल्या, कोण वारले, बहिणींनी हक्क सोडला की राखला, कर्ज कुणाचे आणि किती, हे सगळे फेरफार क्रमांकांच्या मागे गेल्यास उलगडते.

एवढी माहिती असलेला हा कागद कायद्याने गुप्त नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद धरल्यावर तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवावे लागते. हरकत आली तर ती नोंद विवादग्रस्त म्हणून चालते. नाही आली तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. एकदा प्रमाणित झालेली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कलम १५७ सांगते. म्हणजे नोंदीला जे बळ मिळते, ते ती सगळ्यांसमोर मांडली गेली होती म्हणून मिळते. सातबारा बंद दाराआड राहिला असता, तर परगावी नोकरीला असलेल्या भावाचे नाव परस्पर कमी करणे फार सोपे झाले असते. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ५७ खरेदीखतांची नोंदपुस्तके आणि त्यांची सूची कोणालाही पाहू देते, त्यामागेही हाच विचार आहे.

कागद कुणाच्या हातात आहे यावर माणसाचे भवितव्य ठरते, हे या मुलखाला दीडशे वर्षांपूर्वीच कळून चुकले होते. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. ही लाट आसपासच्या गावांत पसरली आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाला ठाऊक असलेल्या या उठावात जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्याजवळच्या कर्जखतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते कागद बाहेर काढून जाळले गेले. ज्यांनी ते आपणहून दिले, त्यांना बहुतेक ठिकाणी इजा झाली नाही. शेतकऱ्याचा अंगठा ज्या खतावर होता, ते खत त्याला वाचता येत नव्हते. त्याची नक्कल त्याच्याजवळ नसे, आणि व्याज कसे चढत गेले याचा हिशोब फक्त सावकाराच्या वहीत असे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने याच जागेवर बोट ठेवले. खत ग्रामनिबंधकासमोर करावे, पैसे दिले की पावती मिळावी, खात्याचा उतारा मिळावा, आणि कोर्टाने केवळ खतावर विसंबून न राहता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, अशा तरतुदी त्यात आल्या. आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे हे पाहण्याचा कर्जदाराचा हक्क त्या कायद्याने मान्य केला.

सातबारा संगणकावर येईपर्यंत त्याचे उघडेपण एका मर्यादेत होते. उतारा हवा तर तलाठ्याला गाठावे लागे. तलाठी सज्जावर भेटेलच असे नसे. गट क्रमांक माहीत असावा लागे आणि कशाला हवा, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे. गावातल्या कुणाचा उतारा कुणी काढला, ही बातमी सहसा संध्याकाळपर्यंत मालकाच्या कानावर जाई. या अडचणींनी शेतकऱ्याला खूप छळले, हेलपाटे मारायला लावले, चिरीमिरीला वाव दिला. त्या जाव्यात, यात शंका नाही. पण त्यांच्या आडून जमीनमालकाचे एक संरक्षणही होत होते आणि अडचणींबरोबर तेही गेले.

महाभूलेख संकेतस्थळावर पुणे विभाग, पुणे जिल्हा, मग शिरूर किंवा दौंड तालुका आणि गाव निवडले की सातबारा पाहता येतो. माहितीपुरता उतारा फुकट दिसतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला; त्याला १५ रुपये पडतात. ‘आपली चावडी’ या पानावर गावातल्या प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात, त्यामुळे पुण्यात किंवा परदेशात असलेल्या वारसालाही हरकतीची मुदत संपण्याआधी हालचाल करता येते. या सुधारणेने कामे खरोखर सोपी झाली. मात्र याच संकेतस्थळावर गट क्रमांकाखेरीज नावानेही शोध घेता येतो. पहिले नाव, मधले नाव, आडनाव, यांतले काहीही टाकले तरी त्या गावातली त्या नावाची माणसे आणि त्यांची जमीन समोर येते. पाहणारा कोण, हे त्या जमिनीच्या मालकाला कळत नाही.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने आणि पुणे–अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमापर्यंतचा पट्टा पार बदलून टाकला. दौंडच्या बाजूला कुरकुंभची वसाहत आणि पुणे–सोलापूर महामार्गालगतची यवत, केडगाव, पाटस ही गावे त्याच वाटेवर आहेत. अशा ठिकाणी कुणाची जमीन बोजाखाली आहे, कुठे सहा वारसांपैकी चार बाहेरगावी आहेत, कुठे विधवा एकटी नाववाली आहे, ही माहिती जमिनीच्या दलालाला मोलाची असते. पूर्वी ती मिळवायला गावात माणूस ठेवावा लागे. आता घरबसल्या दिसते. गट क्रमांकावरून शोध सगळ्यांना खुला राहिला पाहिजे, कारण जमीन घेणाऱ्याला आणि हरकत घेणाऱ्याला तोच लागतो. नावावरून शोध घ्यायचा, तर पाहणाऱ्याने आपली ओळख पटवावी आणि त्याची नोंद मालकाला दिसावी, एवढी अट रास्त आहे. वडिलोपार्जित जमीन हुडकणाऱ्या वारसाची त्याने अडवणूक होणार नाही. परक्या माणसाच्या चोरट्या पाहणीला मात्र आळा बसेल.

एकट्या सातबाऱ्यावरून जे कळते, त्याहून पुष्कळ जास्त तो दुसऱ्या नोंदींना जोडला गेल्यावर कळते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा’ हे तिचे घोषवाक्य. शेतकऱ्याने मोबाइलवर ॲप घ्यायचे, खाते आणि गट निवडायचा, शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश जातात. तलाठ्याने चावडीत बसून अंदाजाने पेरा लिहिण्याच्या जुन्या सवयीवर हा चांगला उतारा आहे. पीक विमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई यांसाठी ही नोंद लागते. २०२३ मध्ये कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झाले, तेव्हा सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसल्यामुळे अडलेल्यांना तिची किंमत चांगली कळली. सातबाऱ्यावर पूर्वी माणसाचे नाव, जमीन, बोजे आणि पिके एवढेच होते. पीक पाहणीने त्या नोंदीला मोबाइल क्रमांक, फोटो, ठिकाण आणि तारीख यांची जोड दिली.

पुढची पायरी ॲग्रिस्टॅकची. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे भूसंदर्भित नकाशे आणि पिकांची नोंदवही, हे ॲग्रिस्टॅकचे तीन पाये. प्रत्येक शेतकऱ्याला ११ अंकी ओळख क्रमांक मिळतो आणि तो आधार व त्याच्या सर्व गटांना जोडलेला असतो. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. योजनेचा पैसा आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येत असल्याने खातेही या साखळीत आले. जमीन किती, पीक कोणते, कर्ज किती, अनुदान किती, फोन कोणता आणि माणूस कोण, या वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेल्या गोष्टी एका क्रमांकाने ओवल्या गेल्या. त्यातली एकेक गोष्ट गावात कुणाला ना कुणाला आधीपासून ठाऊक होती. सगळ्या एकत्र मात्र कुणालाच ठाऊक नव्हत्या, आणि शेतकऱ्याचे खासगीपण त्या विखुरलेपणात टिकून होते.

या नोंदवहीचा पाया सातबारा असल्यामुळे ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, तो तिच्यात दिसत नाही. तोंडी बोलीवर बटाईने जमीन कसणारा, घरची सगळी शेती पाहणारी पण नाव न लागलेली बाई, यांचे पीक दुसऱ्याच्या ओळखीवर चढते.

संमतीचा प्रश्न इथेच येतो. ओळख क्रमांकासाठी नोंदणी करताना माहिती वापरण्यास मान्यता असल्याची खूण करावी लागते आणि आधारवर आलेला ओटीपी द्यावा लागतो. बहुसंख्य शेतकऱ्यांचे हे काम सेवा केंद्रात दुसऱ्याच्या हातून होते. पडदा चालकाकडे वळलेला असतो, मजकूर वाचायला कुणाला सवड नसते, आणि मागे रांग असते. शेतकरी फोन पुढे करतो किंवा आकडे मोठ्याने वाचून दाखवतो. कायद्याच्या लेखी ही संमती आहे. १८७४ चा अंगठाही कायद्याच्या लेखी संमतीच होता.

माहिती फुटते कुठून, याचा विचार करताना लोकांच्या डोळ्यांपुढे दूरदेशीचे हॅकर येतात. प्रत्यक्षात फट बऱ्याचदा जवळच असते. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवलेले आधार कार्ड त्या फोनमध्ये तसेच राहते. बिघडलेली प्रत टोपलीत जाते. सोसायटी, विमा, खतांचे दुकान, फटफटीचे कर्ज, मुलांची शाळा, अशा प्रत्येक ठिकाणी एक प्रत जमा होते आणि ती किती दिवस ठेवणार, हे कुणी सांगत नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने अशा प्रती कुणालाही देऊ नका, झाकलेले आधार वापरा, अशी सूचना काढली होती. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. सूचनेतला सल्ला मात्र योग्यच होता. सरकारी संकेतस्थळेही सुटलेली नाहीत. २०२२ मध्येच पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले, त्यानंतर ती चूक दुरुस्त झाली.

आधार क्रमांक उघडा पडला तर बिघडते काय, असे विचारले जाते. नुसत्या क्रमांकाने पैसे निघत नाहीत. पण गावातला बँक प्रतिनिधी लहानशा यंत्रावर अंगठा घेऊन पैसे देतो, त्या व्यवहाराला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढेच लागते. ओटीपी लागत नाही. आणि ठसे तर खरेदीखतावर असतात. नोंदणी अधिनियमाच्या कलम ३२अ नुसार दस्तावर पक्षकारांचे फोटो आणि बोटांचे ठसे लावावे लागतात. २०१८ मध्ये तेलंगणात एकाने जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून त्यांच्या रबरी नकला केल्या आणि त्यांवर सिमकार्डे सुरू केली. पुढे असेच नकली ठसे वापरून खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेले. जमिनीचा उघडा दस्त आणि पैशाची बंद तिजोरी यांची एकच किल्ली ठेवण्यात ही मोठी चूक झाली आहे. बोट बदलता येत नाही.

दुसरा मार्ग फसव्या ॲपचा. पीएम-किसानची यादी, वाहनाचे चलन, लग्नाची पत्रिका अशा नावांनी एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. ओळखीच्याच क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधी बाधित झालेला असतो. ती उघडून बसवली आणि संदेश वाचण्याची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी चोराला आपोआप दिसू लागतो. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. योजनेची खरी माहिती जितकी उशिरा आणि जितक्या अवघड भाषेत गावात पोहोचते, तितकी खोट्या दुव्यांना जागा मिळते. दोष फक्त दाबणाऱ्या बोटाचा नसतो.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक प्रवाह वेगाने येत आहे. शेजारच्या बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डमधील तज्ज्ञांच्या साहाय्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. शेतात मातीचा ओलावा मोजणारे संवेदक, वर उपग्रहाची छायाचित्रे, आणि फोनवर पाणी-खताचा सल्ला, असे त्याचे स्वरूप आहे. राज्याने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. भीमा-घोडच्या काठचा ऊस उत्पादक अशा सल्ल्याचा उपयोग करून घेईल, यात नवल नाही; पाणी आणि खत वाचले तर त्याला ते हवेच आहे. प्रश्न आहे तो त्याच्या शेताची आकडेवारी पुढे कुणाला दिसणार, याचा. या गटात यंदा उतारा कमी येणार हे खरेदीदाराला, विमा कंपनीला किंवा कर्ज देणाऱ्याला शेतकऱ्याच्या आधी कळले, तर सौद्यात त्याची बाजू लंगडी पडते. करारात ही गोष्ट सही करण्याआधी लिहून घ्यायला हवी.

कायदा काय म्हणतो, हे आता पाहता येईल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नियम टप्प्याटप्प्याने लागू होतात. संरक्षण मंडळाची तरतूद लगेच अमलात आली, पण माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकऱ्याच्या बाजूने वाचले, तर या कायद्यात तीन मोठ्या फटी दिसतात. कायद्यानेच जाहीर करणे भाग असलेल्या माहितीला कलम ३ अन्वये हा कायदा लागू होत नाही, त्यामुळे सातबाऱ्याचा उघडा भाग त्याच्या संरक्षणाबाहेर राहतो. अनुदान, लाभ, सेवा, दाखला किंवा परवाना देण्यासाठी सरकारला कलम ७ खाली नव्या संमतीविना माहिती वापरता येते, आणि शेतकऱ्याचा सरकारशी बहुतेक संबंध याच कामांसाठी येतो. आपली कोणती माहिती आहे आणि ती कुणाला दिली, हे विचारण्याचा कलम ११ चा हक्क संमती घेऊन गोळा केलेल्या माहितीपुरता आहे. जिथे संमतीची गरजच नाही, तिथे विचारायचे कशाच्या आधारे, हे कायदा सांगत नाही. १८७९ च्या कायद्याने कर्जदाराला सावकाराच्या वहीत डोकावण्याची जी मुभा दिली, तेवढी तरी आजच्या शेतकऱ्याला सरकारी आणि खासगी नोंदवह्यांबाबत मिळाली पाहिजे. शेतकरी ओळख क्रमांकाच्या पानावर, ही माहिती कोणत्या खात्याने, बँकेने किंवा कंपनीने कधी पाहिली, याची यादी दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

कायदा सुधारेपर्यंत काही गोष्टी हातात आहेत. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून झाकलेले आधार उतरवून घेता येते, त्यात पहिले आठ अंक दिसत नाहीत. बऱ्याच कामांना ते चालते. त्याच ठिकाणी ठशांना कुलूप लावता येते. एकदा कुलूप लावले, की नकली अंगठ्यानेही पैसे निघत नाहीत, आणि रेशन दुकानात किंवा पैसे काढताना गरज पडली तर ते तेवढ्यापुरते उघडता येते. आधार कुठे कुठे वापरले गेले, याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहासही तिथे पाहायला मिळतो. जमिनीच्या बाबतीत, वर्षातून दोन-तीनदा आपल्या गटाचा उतारा आणि ‘आपली चावडी’वरची नोटीस पाहणे हा सर्वांत स्वस्त पहारा आहे, बाहेरगावी राहणाऱ्या वारसांसाठी तर विशेष.

पैसे गेलेच तर वेळ फार महत्त्वाचा ठरतो. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला, तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या आदेशानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीची खबर कामाच्या तीन दिवसांत बँकेला दिल्यास ग्राहकावर तोटा पडत नाही. चार ते सात दिवस झाले, तर त्याची जबाबदारी ठरावीक मर्यादेपर्यंत राहते. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे, नंतरचे बँकेचे. सहकारी बँकांसाठीही तसाच आदेश त्याच वर्षी निघाला, त्यामुळे ज्यांचे पीककर्ज आणि अनुदान जिल्हा बँकेच्या खात्यात येते, त्यांनाही तो लागू आहे. तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी, कारण तीन दिवसांची गणती त्या पोहोचेवरच्या तारखेवरून सिद्ध होते.